गच्चीवरचा पाऊस

ऐन उन्हाळ्यात पेपरात पावसाची बातमी आली आणि छत्रीवालीच्या दुकानात सकाळपासून झुंबड उडाली. दुपारी ती दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसली होती. शेजारी वेधशाळेतला कारकून बायकोशी कुजबुजत होता.

"आपल्या गच्चीवरच्या पाऊस मोजायच्या भांड्यात पाणी ओतलंस?"

"कुंड्यांना घालून झारीत उरलं, ते टाकलं. मला काय ठाऊक ते कसलं भांडं!"

"अगं, मी ते वर कळवलं! साहेबांनी छाती फुगवून पेपरवाल्यांना सांगितलं, किनाऱ्यावरचं पावसाचं चक्र बदललं म्हणून."

"बाहेर ऊन मी म्हणतंय. साहेबांना दिसत नाही?"

"साहेब आकड्यांकडे बघतात, आभाळाकडे नाही."

"आणि तुम्ही?"

"मी साहेबांकडे बघतो. उद्या मोठे साहेब तपासायला येतायत. नोकरी गेलीच समज."

"मग खरं सांगून टाका."

"आणि साहेबांना तोंडघशी पाडू? मग आजच जाईल!"

छत्रीवालीनं गालावरचा हात काढला.

"वहिनी, मध्ये बोलते, राग मानू नका. पण या उन्हात झाडं एका दिवसाच्या पाण्यावर जगतात होय?"