सोमवारी बारावा दिवस

—वाजवून काही उपयोग नाही बेन, कुलूप दिसत नाही का? साड्या पोचवायला गेलीय ती शेठकडे, दोन्ही पोरींना घेऊन. येईल अर्ध्या-पाऊण तासात. या ना, इथं बसा, पंखा तरी आहे. मी शोभा, वर्षाची मोठी जाऊ — दोघा भावांच्या खोल्या समोरासमोर. हां, तुम्ही मला ओळखत नाही. कशा ओळखणार? तुम्ही सरकारच्या आशाबेन, तुमचं काम पोटुशीशी नाहीतर लेकुरवाळीशी. चार वर्षं झाली डिंडोलीत येऊन, माझ्या दारावरून तुम्ही कितींदा गेलात, पण आत वाकून बघायचं कारणच नाही पडलं तुम्हाला. नाही वो, राग नाही, आहे ते सांगते. पाणी घ्या. मराठीच ना तुम्ही? अंमळनेर? मग आपल्याच निघाल्या की! आमचं दोंडाईच्याजवळ. म्हणजे सासर. काय भरायचंय, ममता कार्ड? वर्षाचं? चौथा लागला नि आत्ता भरताय — तिनं लपवलं असेल, दुसरं काय. शेवटची अडचण कधी आली ती तारीख पाहिजे? मग तिची वाट कशाला बघता, ती तारीख माझ्याकडे आहे. हे बघा कॅलेंडर. लाल गोल माझे, निळे गोल तिचे. श्रावणातला हा शेवटचा निळा. त्याच्यापुढं निळं काही नाही. लाल मात्र बघा, दर महिन्याला हजर — अठ्ठावीसला अठ्ठावीस, एक दिवस इकडं नाही की तिकडं नाही.

हसू येतं ना तुम्हाला? देराणी-जेठाणीची अडचण एका कॅलेंडरवर! पण हे सगळं मीच शिकवलं तिला. मला डॉक्टरणीनं शिकवलं, मी तिला शिकवलं. तीन वर्षांपूर्वी गेलो होतो आम्ही दोघं, उधन्याला, एका डॉक्टरणीकडे. यांना मी कसंबसं नेलं — भटूभाऊ म्हणतात ना सगळे, तेच आमचे, कडोदऱ्याला कापडाचे लूम चालवतात — बाराबारा तास ड्यूटी, पंधरा दिवस दिवसाची, पंधरा दिवस रात्रीची. त्या मशिनींपुढं माणसाला स्वतःचा आवाज येत नाही, तिथं माझा काय येणार. पण आले बिचारे. सगळ्या तपासण्या केल्या. त्यांचं चांगलं, माझंही चांगलं. डॉक्टरीण म्हणाली, बेन, काहीच खोट नाही, तुम्ही दिवस धरा. बाराव्यापासून सोळाव्यापर्यंत. रोज सकाळी उठायच्या आधी थर्मामीटर तोंडात धरायचं नि वहीत लिहायचं. मग मी लागले मागं. शाळेत हुशार होते मी, सातवीपर्यंत पहिला नंबर — बाप म्हणाला बस झालं. तर हे शिकले मी. एक दिवस चुकवला नाही, विचारा कोणालाही. ताप आला तरी लिहिलं, सासरा वारला त्या दिवशीसुद्धा लिहिलं.

आणि पथ्य किती पाळलं! बारावा येईपर्यंत यांना जवळ येऊ दिलं नाही. डॉक्टरीण तसं नव्हती म्हणाली, पण मीच विचार केला — आधीच खर्चून टाकलं तर त्या दिवसांना काय उरणार? लाजू नका बेन, तुम्हाला तर रोजचं आहे. हे चिडायचे. बायको आहेस का मास्तरीण, म्हणायचे. मी म्हणायचे, चार दिवस थांबा. आणि बाराव्याला रात्रीची ड्यूटी आली की मी स्वतः मुकादमाच्या बायकोकडे जायचे, ड्यूटी बदलून द्या म्हणून. काय सांगून? कधी सांगितलं दवाखाना आहे, कधी सांगितलं पाहुणे आहेत. शेवटी त्या बाईला कळलंच. आता सगळ्या लूमखात्यात ठाऊक आहे — भटूची बायको बोलावते तेव्हा भटूला सोडायचं. लूमवरची माणसं शिट्ट्या मारतात यांना. मान खाली घालून येतात घरी.

लग्नाला आठ वर्षं झाली. त्यातली पहिली चार मी गावाला सासूपाशी, हे इथं. दिवाळीला यायचे चार दिवस, तेव्हा घरात माणसंच माणसं. आणि आखाजीला यायचे, तर आखाजीला मी माहेरी! तुम्हाला माहीतच आहे, आखाजीला लेक माहेरी नाही गेली तर लोक काय म्हणतील. म्हणजे नवरा गावात आणि मी माहेरात झोके खेळतेय. ती चार वर्षंही सासू माझ्याच नावावर मांडते. गावात बाया म्हणतात, आठ वर्षं झाली, उषाबाईच्या, म्हणजे सासूच्या, थोरल्याला काही नाही. पिकलं का नाही विचारतात, पेरलं कधी ते कोणी विचारत नाही.

वर्षाचं? वर्षाचं उलटं. तिला दोन पोरी, तिसरं नको होतं. हेमराज, म्हणजे माझा दीर, ऑपरेशन करू देईना, मुलगा पाहिजे म्हणून. गोळ्यांनी तिचं डोकं दुखायचं. एक दिवस रडत आली माझ्याकडे. मी म्हटलं रडते कशाला, माझ्याकडे कॅलेंडर आहे ना! मी ज्या दिवसांत बोलावते त्या दिवसांत तू दूर राहा. बारा ते सोळा तू पोरींना मध्ये घेऊन झोप. बाकी मोकळी. किती हसलो होतो त्या दिवशी आम्ही दोघी, इथंच, याच जागेवर. निळा पेन तिचाच आहे. आणि असं मोजता मोजता चौथ्या महिन्यात डाव फसला! तिला राहिलं, मला नाही. एकाच कॅलेंडरवरून. तुम्हीच सांगा, माणसानं काय समजायचं? मी मेली काय समजले माहितीये — समजले की माझं हिनं उचललं. बोलूनही दाखवलं, गणपतीत, सगळ्या बायांसमोर. आणि ती म्हणाली, तूच मला मुद्दाम उलटं सांगितलंस, मला अडकवायला. तेव्हापासून बोलणं बंद. समोरासमोर दारं आहेत, पण ती बाहेर आली की मी आत.

आणखी एक आहे. नको, जाऊ द्या — सांगते. तिनं गोळ्या आणल्या होत्या, पाडायच्या. मी पाहिल्या. आणि मीच गावाला फोन केला सासूला. सासूनं हेमराजला धरलं, हेमराजनं गोळ्या मोरीत टाकल्या. का केलं असेल मी? मला वाटलं, नकोय ना तिला, तर मला देईल. देऊ दे मला, मी वाढवते, पोरगी झाली तरी चालेल. विचारलंही सासूला. सासू म्हणाली, दुसऱ्याच्या ताटातलं कशाला मागतेस. म्हणजे वर्षाला नको असून तिच्या पोटात वाढतंय, माझ्यामुळं, आणि माझ्या हाती काय? काहीच नाही. हे तिला सांगू नका बेन. तिला ठाऊक नाही फोन कोणी केला ते.

रडत नाही मी. डोळे असेच आहेत चार दिवसांपासून. हे आज पहाटेच्या गाडीनं गावाला गेले ना. सासूनं बोलावलंय. दहिवदची एक मुलगी आहे, हर्षदा नाव, रविवारी तिची माणसं येणार. आधी माझी फारकती लिहायची, तुळशीचं लग्न झालं की यांचं तिच्याशी लावून द्यायचं, असं ठरवलंय म्हातारीनं. हे वाईट नाहीत वो! परवा जेवता जेवता म्हणाले, शोभा, तू म्हणशील तर नाही जात. आणि मीच म्हटलं, जा. का म्हटलं? असं बघा — हा महिना सासूनं दिलाय मला. शेवटचा. या महिन्यात राहिलं तर दहिवदवाल्यांना नाही म्हणून सांगेन, अशी तिच्या तोंडची कबुली आहे, माझ्या आईसमोर दिलेली. आता नाही गेले तर म्हातारी चिडेल, महिनाही मोडून टाकेल. म्हणून म्हटलं, आज जा, तिचं मन राखा, मुलगी बघा, कशालाही हो म्हणू नका, आणि रविवारच्या गाडीत बसा. कारण सोमवारी बारावा. आज तर माझा आठवाच आहे, आज राहून काय उपयोग? आज पहाटे निघताना जवळ आले होते. किती दिवसांनी आपणहून आले. बॅग खांद्यावर आणि माझा हात धरला. मी हात सोडवून घेतला. म्हटलं, चार दिवस धीर धरा, पाया पडते तुमच्या, यावेळी तरी नियमानं होऊ द्या. चप्पल घातली आणि गेले.

बरं झालं तुम्ही आलात, एक विचारायचंच होतं. अंगावरून पांढरं जातं त्याच्या गोळ्या असतात का तुमच्याकडे? दर महिन्याला होतं मला, असं आठव्या-नवव्या दिवसाला. पाण्यासारखं, ताणलं तर तार धरतं. आज सकाळपासून लागलंय. एका बाईनं चूर्ण दिलं होतं, खाऊन खाऊन तोंड कडू झालं, जात नाही. डॉक्टरीण म्हणाली होती, अंड्याच्या पांढऱ्यासारखं दिसलं की चांगले दिवस समजायचे. आता आम्ही माळकरी, घरात अंडं कधी फोडलंय म्हणून मला ते कळावं? आणि ते यायचं तर बाराव्याला येईल ना, आठव्याला कशाला? बाराव्याला तर मी कोरडी ठक्क. आणि थर्मामीटरही तसलंच. डॉक्टरीण म्हणाली अंडं सुटलं की आकडा वर चढतो. माझा चढतो अकराव्यालाच, बारावा यायच्या आत. दोन थर्मामीटर बदलले मी. दुकानदाराशी भांडले.

काय? कुठला गोल? निळा? हा, श्रावणातला, सांगितलं ना. हो, हाच तिचा पहिला दिवस. पहिला म्हणजे — पहिला म्हणजे न्हाण्याचा, दुसरा कुठला? डोक्यावरून पाणी घेतलं, चुलीपाशी आलो, तो पहिला दिवस. त्याच्या आधीचे चार? ते कोण मोजतं! ते बाहेर बसायचे दिवस. गावाला तर ओसरीच्या कोपऱ्यात बसायचो, इथं एकच खोली म्हणून मोरीपाशी बसते. तेव्हा मी कॅलेंडरला कशी शिवेन बेन? त्याच्यावर देव आहे. पाचव्या दिवशी न्हायचं, मग हात लावायचा, मग गोल करायचा. वर्षालाही मी तसंच बजावलं होतं, न्हायल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणून.

कार्डावर तसं चालत नाही? पहिला डाग दिसला तो दिवस लिहायचा? बरं, मग चार दिवस मागं करून लिहा, त्यात काय. आमची पद्धत वेगळी, सरकारची—

डॉक्टरही तसंच मोजतात?

सगळे?

नाही नाही, थांबा. तिनं मला विचारलं होतं, किती दिवसांनी येते, मी म्हटलं अठ्ठावीस. न्हाण्यापासून न्हाण्यापर्यंत अठ्ठावीसच येतात, मोजून बघा. ती म्हणाली बारावा दिवस. कुठून बारावा ते — ते नाही म्हणाली. मी विचारलं नाही. मला वाटलं हे तर सगळ्यांनाच माहीत असतं. तिलाही तसंच वाटलं असेल. म्हणजे माझा बारावा तो — बारा नि चार — सोळावा. सोळाव्याला मी यांना बोलावत होते. मुकादमाच्या बायकोच्या पाया पडून. आणि खरे जे दिवस होते, बारा, तेरा, चौदा — ते माझे आठ, नऊ, दहा — तेव्हा मी यांना — तेव्हा मी म्हणत होते, हात लावू नका. तीन वर्षं. दर महिन्याला. आणि वर्षाला म्हटलं बाकी मोकळी. मी स्वतः म्हटलं तिला.

आणि ते पांढरं जायचं ते रोग नव्हता? बेन, मान हलवू नका अशी, तोंडानं बोला. नव्हता?

मग आज कितवा माझा? सांगा ना. आठ नि चार. आज बारावा. आज, उद्या, परवा, तेरवा. सोमवारी काहीच नाही. सोमवारी ते येतील तेव्हा काहीच नसेल. हात धरला होता वो त्यांनी माझा, इथं, दारात, आज पहाटे! मी सोडवला—

फोन कुठंय माझा? थांबा, जाऊ नका. दोंडाईच्याहून दुपारची गाडी आहे, ती धरली तर रात्री उधना. येतील. मी म्हटलं तर येतील, ते वाईट नाहीत. वाजतोय. उचला ना. उचला—

हॅलो! ऐका, तुम्ही आत्ताच्या आत्ता— कोण? आई तुम्ही? पाया पडते. हे कुठंत? त्यांना द्या ना फोन, दोन मिनिटं. बसलेत? कोणाजवळ? दहिवदचे — आजच आले? रविवारी येणार होते ना? हां. हां, बरोबर, आज दिवस चांगला असेल. हे काय म्हणाले? तरी, काहीतरी म्हणाले असतील ना. पसंत — असं ते बोलले, का तुम्ही? नाही, उलट नाही विचारत. फोन द्या ना आई त्यांना, पाया पडते, एकच गोष्ट सांगायचीय. तुम्हाला कसं सांगू? नाही सांगता येत ते. तुम्हाला नाही सांगता येत. बरं. नाही, काही नाही. पोचले का तेवढंच विचारायला केला होता. बरं. हो. ठेवते.

...

कार्ड इथंच ठेवा, देते मी तिला. नको, मोजणी कुठं चुकली ते तुम्ही नका सांगू, मीच सांगेन. जा बेन. पाणी राहिलं तुमचं, राहू द्या. जा ना आता. दार ओढून घ्या जाताना.