टेंपररी मंडप आणि बारा किलो मिरची

नाही, पण मी म्हणतो, बाग करायला अख्ख्या अंधेरीत ह्या कलामहोत्सववाल्यांना आमचीच विहीर सापडली?

तुम्हाला सांगतो, आमच्या गावठाणाचा चौक म्हणजे मध्ये क्रूस, प्लेगच्या सालातला, बाजूला विहीर... आणि लग्नाच्या आदल्या दिवशी त्याच विहिरीचं पाणी बँड लावून घरी न्यायचं, नवरीला न्हाऊ घालायचं! माझ्या तिन्ही बहिणी न्हाल्या. आता ह्या शनिवारी माझ्या लेकीचा, किम्बर्लीचा नंबर. आणि विहिरीवर काय? फळ्या! फळ्यांवर कुंड्या, वर बांबूचा घुमट, त्यावर वेली, आणि पाटी... 'श्वास : एक बागमंडप'! अरे, कुणाचा श्वास? माझा तर कोंडला ना!

तिथे कलामहोत्सवाचा तो दाढीवाला अनिरुद्ध. त्याला म्हटलं, बाबा रे, विहीर उघड. तर मान वाकडी करून कसा म्हणतो, "टेंपररी आहे अंकल, पंधरा दिवस फक्त!" हे नाताळात, बरं का! ईस्टरला गेलो... "टेंपररी आहे अंकल!" आता मे लागला! अहो, माझी पर्मनंट नोकरीसुद्धा एवढी टिकली नव्हती!

डोकंच सटकलं. म्हटलं, थांब लेका, तुझा श्वासच काढतो! मे महिन्यात आमच्याकडे वर्षाचा मसाला कुटतात, दरवर्षी घराच्या मागे. ह्या वर्षी बायकोला म्हटलं, कॉन्सेप्टा, चूल चौकात मांड. ती म्हणते, "अरे डेनिस, वारा मंडपाकडे वाहतोय ना!" म्हटलं, म्हणूनच!

बारा किलो मिरची टाकली भाजायला. आणि आत मंडपात शंभर माणसं मांडी घालून, डोळे मिटून बसलेली, आणि त्यांची ती बाई गोड आवाजात, "आता... एक... दीर्घ श्वास घ्या..." घेतला की हो! सगळ्यांनी एकदम घेतला! खॉक! खॉक! चपला सोडून पळाले लोक! काय सांगू, जिवाला असा थंडावा वाटला! अनिरुद्ध नाक धरून बाहेर, डोळे लाल, "अंकल, हे क्काय?"

म्हटलं, "टेंपररी आहे रे, आठ दिवस फक्त!"

तिसऱ्या दिवशी हात टेकले त्याने. फळ्या उचलल्या, विहीर मोकळी केली, म्हणाला, "अंकल, उद्या सकाळी मंडप पण काढतो." मी ऐटीत किम्बर्लीला हाताला धरून आणली, बघ म्हटलं, तुझ्या बापाने सूड कसा घेतला ते! तर पोरगी विहिरीत बघेल, मसाल्याकडे बघेल... छे! वर बघते, वेलींकडे, आणि डोळ्यात पाणीच. मिरचीचं नाही! "डॅडी, काय झकास दिसतंय रे! माझे पाणी आणायचे फोटो ह्याच्याचखाली. मंडप काढायला लावलास ना, तर मी न्हाणारच नाही!"

आता बोला! करता काय?

गेलो. चूल विझवली आणि गेलो. त्या दाढीसमोर हात जोडले, म्हटलं, "अनिरुद्धा, रविवारपर्यंत मंडप राहू दे ना, बाबा."

तो डोळे पुसत बघतच राहिला. "का, अंकल?"

मान खाली घालून म्हटलं, "टेंपररी आहे रे..."