गुढीने आधी नेसलेली साडी

“गुढी म्हणजे विजयाचा ध्वज! सूर्य मावळायच्या आत तिला कुणी हात लावायचा नाही!”

“तिला नका लावू. तिच्या अंगावरची माझी नवी साडी तेवढी सोडून आणा.”

दोन हजार पाचचा पाडवा. धामणकर नाक्यावर शेअर रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे हे नवरा-बायको उभे होते.

“सीते, परंपरा हाय ती. गुढीला कोरंच वस्त्र लागतं.”

“अन् तुमच्या भाचीच्या साखरपुड्याला मामीनं जुनं नेसायचं?”

“गेल्या वर्षीचीच तर हाय ही. जुनी कशी?”

“हीपण आधी गुढीच नेसली. दरसाल पहिला मान तिचा. यंदा तुमचा नवा सदरा घालायचा होता तिला.”

“गुढीला कुणी सदरा घालतं का?”

“बसला असता. काठीच हाय, तुमच्यासारखी.”

“अगं, रिक्षा आली. रात्री घरी जाऊन नेस की नवी!”

“तेव्हा बघणार कोण, गुढी?”

“आता परत न्हाय फिरायचं.”

“न्हाय फिरत. पण अवो, तिथं फोटो काढताना माझ्या डाव्या बाजूला चिकटून उभे राहा. गेल्या पाडव्याला तुम्ही ध्वजाला लावलेलं कुंकू अजून पदरावर हाय.”