आवाज न करणारं दार

डार्का : ...नव्या दाराचा हा तुकडा हातात घेऊन बघा, काका. बाहेरून पोलाद, आतून पोलाद आणि मधे दोन इंच फेस. ओतताना पातळ असतो, मग फुगून घट्ट बसतो. कुठे फट राहत नाही.

ग्रिमुर : लौगा, बघ, तुझ्या नाताळच्या केकसारखं दिसतंय. थरावर थर.

लौगा : माझ्या केकला सात थर असतात. तू बोल गं, डार्का. माझ्या नवऱ्याच्या नादाला लागलीस तर गॅरेजच्या दारातच हिवाळा उजाडेल.

डार्का : दुसरा प्रकार म्हणजे थर्माकोलची पाटी कापून आत बसवलेली. तिच्या कडेला फट राहते. आपल्याकडे जानेवारीत उणे चाळीस, त्यात वारा सरळ तलावावरून येतो. तुम्हाला मी ती देणारच नाही.

लौगा : आणि खालून? सगळा गारठा खालून येतो.

डार्का : खाली जाड रबराची पट्टी, थंडीत कडक न होणारी. बाजूंनाही तशीच. चाकं नायलॉनची. दार कधी बंद झालं ते कळणारसुद्धा नाही, मावशी. आवाज म्हणून नाही.

ग्रिमुर : हेच. हेच मला नकोय.

लौगा : झालं सुरू.

डार्का : काय नकोय, काका?

ग्रिमुर : मुकं दार. माझं हे जुनं लाकडी आहे ते बरं आहे.

लौगा : याची बोटं बघ, डार्का. पाच महिने इथे बसून मासेमारीची जाळी दुरुस्त करतो. हीटर पेटवला की ऊब फटीतून बाहेर, तलावाला. मार्चमध्ये याला चमचा धरवत नव्हता. मी भरवायचं का याला?

ग्रिमुर : भरवलंस तर नाही म्हणणार नाही.

डार्का : लोक माझ्याकडे दाराच्या आवाजाची तक्रार घेऊन येतात. तुम्हाला तो कशाला हवा?

ग्रिमुर : तुला ठाऊक नाही? सगळ्या गिमली गावाला ठाऊक आहे.

लौगा : ती दोन वर्षं गावात कुठे होती? आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनाही तू परत सांगतोस.

ग्रिमुर : मग ऐक. गेल्या फेब्रुवारीत गोठलेल्या तलावावर, बर्फाखालची जाळी काढायला गेलो होतो. सकाळ अशी निळी, की वाटावं आभाळ धुऊन वाळत घातलंय. ही जाऊ नको म्हणत होती.

लौगा : रेडिओवर वादळ सांगितलं होतं.

ग्रिमुर : रेडिओवर रोजच सांगतात. तर परत येताना सगळं पांढरं झालं. म्हणजे खाली बर्फ पांढरा, वर आभाळ पांढरं, आणि मधली रेघ कुणीतरी पुसून टाकलेली. स्नोमोबाइल थांबवून उतरलो, तर पाय टेकला की नाही तेही कळेना. माझे हात मला दुसऱ्या कुणाचे वाटत होते. पण भीती नाही वाटली. झोप येत होती, गोड. लहानपणी गरम दूध पिऊन आईला टेकल्यावर यायची तशी. वाटलं, बसावं जरा.

डार्का : बसायचं नसतं, काका.

ग्रिमुर : साठ वर्षं काढली त्या तलावावर, मला माहीत नाही? तरी बसलो. आणि मग ऐकू आलं. धप्प. बराच वेळ काही नाही. मग किर्रर्र... आणि धप्प. पाण्याखालून यावं तसं. म्हटलं, अरे, हे तर माझं दार! त्या गंजक्या चाकांचं रडणं मी कुठेही ओळखीन. वाऱ्याने आपटत होतं. गाडी तिथेच टाकली आणि चालायला लागलो. वाजलं की चालायचं, थांबलं की थांबायचं. किती चाललो कुणास ठाऊक. हात पुढे केला तर हाताला लागली माझी होडी, किनाऱ्यावर उपडी घातलेली. घराने हाक मारली मला, डार्का. तेव्हापासून भीती म्हणून उरली नाही. याही हिवाळ्यात जाणार, वादळ असो नसो. वाट चुकली तर घर बोलावील.

लौगा : ऐकलंस? असं बोलतो.

डार्का : थांबा हं, जरा वर बघू दे.

(डार्का शिडीवर चढून दारावरच्या स्प्रिंगा चाचपून बघते.)

डार्का : काका, वाऱ्याने आपटत होतं म्हणालात?

ग्रिमुर : हो.

डार्का : हे दार पुढेमागे उघडत नाही. रुळातून वर जातं. वाऱ्याने फार तर खडखडेल. धप्प व्हायला ते आधी वर जायला हवं.

ग्रिमुर : वारा मोठा होता.

डार्का : दोनातली एक स्प्रिंग तुटलीय. कधीची?

ग्रिमुर : झाली तीन वर्षं.

डार्का : मग अर्धं वजन उचलणाऱ्याच्या अंगावर. चाळीस किलो तरी. वारा चाळीस किलो उचलून सोडत नाही, परत उचलत नाही. कुणीतरी...

लौगा : डार्का, कॉफी गार होतेय तुझी.

डार्का : ...हो, मावशी.

लौगा : आणि रंग पांढरा नको. बर्फात दिसत नाही.

ग्रिमुर : लौगा. किती वेळ?

लौगा : काय किती वेळ?

ग्रिमुर : किती वेळ उचलत होतीस?

लौगा : अकराच्या बातम्या संपल्यावर सुरू केलं. तू आलास तेव्हा एक वाजून गेला होता.

डार्का : बाई गं!

लौगा : सारखं नाही उचललं. कमरेपर्यंत न्यायचं, सोडायचं, शंभर आकडे मोजायचे. आधी गाडीचा हॉर्न वाजवला, तर बॅटरी मेली. मग हाका मारल्या, तर वारा त्या माझ्याच तोंडात परत कोंबायचा. मग राहिलं काय? दार.

ग्रिमुर : मी आलो तेव्हा तू आत सूप ढवळत होतीस.

लौगा : तू होडीपाशी दिसलास आणि मी आत गेले. बर्फाने माखलेले बूट आणि हातमोजे कपाटात टाकले. तुला दाखवायचे नव्हते.

ग्रिमुर : म्हणून हल्ली डाव्या हाताने केस विंचरतेस. मला म्हणालीस, म्हातारपण.

लौगा : म्हातारपणही आहेच की.

ग्रिमुर : आणि मी गावभर सांगत सुटलो, घराने हाक मारली म्हणून. तुझ्यासमोर! एकदा तरी बोलायचंस.

लौगा : इतका आनंदात होतास. आपली मुलगी झाली त्या दिवशी होतास तसा. म्हटलं, राहू दे. घराने काय आणि मी काय.

ग्रिमुर : मी येईन असं वाटत होतं तुला?

लौगा : नाही.

ग्रिमुर : तरी थांबली नाहीस?

लौगा : थांबले असते तर घरात जावं लागलं असतं. एकटीला.

डार्का : मी... माझा मापाचा टेप गाडीत राहिला. आणते.

ग्रिमुर : टेप तुझ्या खिशात आहे, पोरी. बस. ते फेसाचं दार हिला एका हाताने उचलता येईल?

डार्का : नव्या स्प्रिंगांना नीट ताण दिला तर बोटानेसुद्धा. मोटर बसवली तर बोटही नको.

ग्रिमुर : मोटर बसव.

लौगा : परवापर्यंत मोटर म्हणजे आळशांची चैन होती.

ग्रिमुर : असू दे. आणि मी तलावावर जाणार नाही आता.

लौगा : खोटं बोलू नको. तलाव गोठला की तुझे पाय तुझं ऐकत नाहीत. रेडिओवर वादळ सांगितलं की मात्र जायचं नाही. एवढंच.

ग्रिमुर : नाही जाणार. त्या दिवशी घरी बसेन.

लौगा : डार्काच्या समोर बोललायस.

डार्का : मी लिहूनच घेते, मावशी. रंगाच्या खाली. आणि खिडक्या? तीन काचांच्या येतात, पण थोडी ऊब त्यातून जातेच.

लौगा : जाऊ दे थोडी. खिडक्या हव्यात. याला बसल्याजागी तलाव दिसेल अशा, दाराच्या खालून दुसऱ्या आडव्या भागात.

डार्का : लोक सगळ्यात वर लावतात.

लौगा : लोक उभे असतात. हा बसून जाळी विणतो.

ग्रिमुर : तूही येशील इथे बसायला?

लौगा : ऊब असेल तर येईन.