कोचचा नियम

हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी माझ्याच वयाचे एक कोच बसले होते. सोबत त्यांची मुलगी होती.

“बाबा, काल मुलींना उडी मारून दाखवलीत म्हणे?”

“एकच.”

“या गुडघ्यावर?”

“अगं, कॉलेजात हॉकी, कबड्डी, फुटबॉल, तिन्ही संघांत होतो मी.”

“म्हणूनच ही दशा! आज डॉक्टरांना ‘दुखत नाही’ म्हणालात तर बघा.”

“खरं सांगितलं तर ते माझं मैदान बंद करतील.”

“दुखणं लपवेल तो संघाबाहेर, हा नियम कोणाचा?”

“माझा.”

“त्याच नियमानं मला फायनलला बाहेर कोणी बसवलं?”

“मीच. अजून धरून बसलीस होय!”

“मग आत काय सांगणार?”

“सांगतो बाई खरं. उजवाच सांगू, की डावाही?”

“डावा कधीपासून?”