सीन सतरा: आई जाते

आई : सीन सतरा. ‘आई जाते.’ कुठे जाते गं? भाजी आणायला?

मुलगी : आई, तू पटकथा वाचू नकोस. तुला फक्त डबे आणायला सांगितलं होतं.

आई : आणलेत डबे. आता सांग, कुठे जाते?

मुलगी : …वर.

आई : अहो, ऐकलंत? हिने मला मारलं!

बाबा : मला काय सांगतेस? मला सहाव्या पानावर ढसाढसा रडवलंय. तू निदान एकदाच सुटलीस.

मुलगी : हे सिनेमातले आईबाबा आहेत. तुम्ही नाही.

आई : सिनेमातल्या बाईच्या हनुवटीवर तीळ आहे. तिच्या नवऱ्याचं सलून आहे. केमो सुरू व्हायच्या आधी तो तिचे केस काढतो. गल्लीत दुसरं कोण आहे असं?

मुलगी : तू बरी झालीस ते चांगलंच झालं गं. पण सिनेमात बरी झालीस तर लोक म्हणतात, बरं मग? एवढ्याशा सिनेमात कुणीतरी गेलं तरच महोत्सवात घेतात.

आई : मग तुझ्या त्या कॅमेरावाल्याला मार. तसाही अर्धमेलाच दिसतोय.

मुलगी : काडीला काही बोलू नकोस, तो फुकट आलाय. बाबा, ऐका ना. आज सलून बंद, दिवसभर जागा आपली. पण तुमचं काम करणारा नट…

बाबा : पळाला. बघितलं मी. वस्तरा असा धरला होता, जसं काही पावाला लोणी लावायचंय.

मुलगी : डोकं खरोखर भादरायचंय हे मी त्याला आधी सांगितलं नव्हतं.

बाबा : कुणाचं?

मुलगी : माझं.

आई : काय?

मुलगी : आईचं काम मीच करतेय. टोप लावला की टोप दिसतो. आणि चांगला टोप घ्यायचा तर विकायला दुसरी स्कूटर नाही माझ्याकडे. केस आहेत. पण तेही एकदाच. एकच टेक. म्हणून बाबा, तुम्ही करा.

बाबा : नाही.

मुलगी : चाळीस वर्षं लोकांची डोकी…

बाबा : लोकांची. घरातलं एक केलंय, पुरे झालं.

आई : ठमे, कमरेपर्यंत आहेत गं तुझे.

मुलगी : म्हणून तर पडताना छान दिसतील.

बाबा : आणि पान सहा? ‘बाबा हुंदके देत वस्तरा चालवतात.’ हुंदके देत वस्तरा चालवला तर सीन सतराची गरजच नाही, आई तिथेच आटोपेल. मी रडलो नव्हतो.

मुलगी : माहितीये.

बाबा : मग असं का लिहिलंस?

मुलगी : कारण तुम्ही शिट्टी वाजवत होतात.

बाबा : तुला कसं माहीत?

मुलगी : मी दाराबाहेर होते. तेरा वर्षांची. काचेचा रंग खालच्या कोपऱ्यात खरवडलेला होता, तिथून बघत होते. आईचे केस खाली पडतायत, आणि तुम्ही मजेत शिट्टी वाजवताय. इतका राग आला होता तुमचा. बारा वर्षं झाली, अजून येतो. म्हणून रडवलं. कागदावर तरी.

आई : त्यांच्यावर कशाला डाफरतेस? शिट्टी मी वाजवायला लावली.

मुलगी : तू?

आई : हे माझ्यामागे मशीन घेऊन उभे. आरशात बघते तर यांचा खालचा ओठ लटपटतोय. म्हटलं, आता हे रडणार, मग मी, आणि बाहेर तू होतीसच. सावली दिसत होती तुझी काचेवर, बावळट. म्हटलं, अहो, शिट्टी वाजवा. शिट्टी वाजवताना माणसाला रडता येत नाही.

बाबा : येतं. सूर बिघडतो.

आई : बिघडलाच होता. सुरुवात एका गाण्याची, शेवट भलत्याच गाण्याचा, मध्ये नुसती हवा. मला हसू आवरेना. खांदे हलत होते माझे.

मुलगी : मला वाटलं, तू रडतेयस.

आई : मागून सारखंच दिसतं.

मुलगी : …काडी, लाइट तसाच ठेव. सीन बदलतेय. पेन दे कुणीतरी.

आई : आणि सतरा?

मुलगी : सतरा काढला. तू राहिलीस.

आई : चला, काडीही वाचला.

मुलगी : बाबा?

बाबा : बस खुर्चीत. मान खाली. ते ॲक्शन-बिक्शन तू ओरड. आणि मध्येच मला शिकवायचं नाही.

मुलगी : नाही शिकवत. काडी, चालू? ॲक्शन.

(बराच वेळ फक्त कात्री, मशीन आणि मग वस्तरा. मधूनमधून एक बेसूर शिट्टी.)

मुलगी : कट. काडी, मिळालं? …मिळालं म्हणतोय. अगं बाई! माझं डोकं असं चौकोनी आहे?

आई : वडिलांवर गेलंय.

बाबा : तुझ्यावर. मी दोन्ही जवळून बघितलीत.

आई : डाव्या कानामागे थोडं राहिलंय बघा.

बाबा : दिसतंय मला.

आई : मग काढा की.

बाबा : कॅमेरा बंद झालाय ना?

मुलगी : हो, बाबा. बंद आहे.

बाबा : मग थांबा जरा. डोळे पुसू द्या.