अनिमेषच्या माईकवर मनवा

नाही, पण मला सांगा, त्या गायिकेचं नाव मी कुठून आणू? रोज कुणीतरी विचारतं, “अल्बमच्या शेवटच्या गाण्यात कोण गायलंय हो? काय कळ आहे आवाजात!” अहो, कळ असणारच, दाढा येत होत्या तिला! माझी मुलगी आहे ती, मनवा, अजून नीट चालत नाही, आणि ती गायलेली नाहीये, रडलीये, आईसाठी रडलीये, आणि ती आई, म्हणजे मी, तिथंच समोर स्टुलावर बसून बेस गिटार वाजवत होते... आणि मी उठले नाही.

तुम्हाला सांगते, पहिल्यापासून सांगते, नाहीतर वाटेल काय बाई आहे ही! नगरमध्ये आमचा रॉक बँड आहे, ‘रखरख’. हसू नका. अनिमेष, आमचा अन्या, गायचा, मी बेस, ओम गिटार, सहादेव ड्रम. मागच्या पावसाळ्यात अनिमेष गेला. डेंग्यू. एवढा धिप्पाड माणूस आणि एक डास... आम्ही सगळे अगदी शहाण्यासारखे वागलो, हार आणले, त्याच्या घरी डबे पोचवले, फोटोखाली काय लिहायचं त्यावरून भांडलोसुद्धा. रडलं मात्र कुणी नाही. मग ठरलं, त्याच्यासाठी राहिलेला अल्बम पुरा करायचा. पण गाणार कोण? ओम म्हणाला, “मी गातो.” आम्ही ऐकलं. मग ओमच म्हणाला, “नको.”

शेवटी ठरलं की गाणी नुसती वाजवायची, आणि शेवटच्या गाण्याला अनिमेषचा माईक चालू ठेवायचा. मोकळा. कल्पना माझी. मला असलं बरोबर सुचतं; मुलीला गार वाऱ्यात टोपी घालावी हे सुचत नाही.

रेकॉर्डिंग सुप्याला, सहादेवच्या खोलीवर. तो तिथं कंपनीत आहे. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना मंगल कार्यालयातल्या गाद्या टेकवलेल्या, त्यांना कुणाच्या तरी लग्नातल्या मठ्ठ्याचा वास. माझ्या नवऱ्याला, सुहासला, ऐन वेळी ऑफिसनं बोलावलं, म्हणून मनवा माझ्याबरोबर. झोप आली तिला, तर कुठं झोपवणार? गिटारच्या उघड्या पेटीत. आत मऊ अस्तर असतं हो, छान असतं... आणि पेटी ठेवली त्या माईकखाली, कारण तिकडं कुणाचा पाय पडणार नव्हता. ड्रमच्या धडधडाटात गाढ झोपली! पोटात असल्यापासून सवय. पण त्या गाण्यात एक जागा येते, सगळे थांबतात, फक्त माझा बेस... खोली शांत झाली आणि ही जागी! आधी गाद्या बघितल्या, मग मला बघितलं, दोन्ही हात वर केले, घे म्हणून, आणि मी घेईना तेव्हा असा टाहो फोडला, असा... आणि तुम्हाला सांगते, सुरात! माझ्या बेसवर बरोब्बर बसलेला! सहादेवनं मानेनंच खुणावलं, थांबू नको. दुसरी कुणी आई असती तर गिटार फेकून धावली असती. मी मनात काय म्हणाले माहितेय? ‘थोडंसंच, बाळा, आत्ता ड्रम येतील.’ मी उठले नाही.

गाणं संपल्यावर घेतली. हुंदके थांबेनात. मुके घेतले, बिस्किट दिलं... लाच हो, दुसरं काय! सहादेव डोळे पुसत म्हणाला, “देवश्रीताई, लई भारी. अन्यासाठी कुनीतरी असं रडाय पायजेच हुतं.”

सुहासनं घरी ऐकलं. “ही आपली मनवा?” “हो.” “मग तू कुठं होतीस?” काय सांगू? म्हटलं, “तालात.”

इथंच थांबलं असतं तर! पण वर्षश्राद्धानंतर कार्यक्रम ठरला. अनिमेषची आई, प्रेमलाकाकू, पहिल्या रांगेत बसणार. काकूंनी जन्मभर मुलांना बाजाची पेटी शिकवली. सहादेव म्हणाला, “रेकॉर्ड न्हाई लावायची, लोक शिव्या देत्यात. पोरगीच आना. माईकखाली निजवा, उठली की रडंल.” आणि मी! ‘छे, काहीतरीच!’ म्हणायचं सोडून विचारलं काय, “मग दुपारी तिला झोपवू की नको?”

ती जागा आली. मनवा जागी झाली. दिवे बघितले, माणसं बघितली, माईकचा दांडा धरून उभी राहिली आणि हसली. टाळ्या वाजवल्या! बेस चाललाय, सभागृह वाट बघतंय, काकू वाट बघतायत, आणि ही माझ्याकडं बघून हात वर करते... हसत. घे म्हणून. ह्या वेळी उठले बाई. उचलली. तिनं माझ्या गालावर हात ठेवला मात्र, आणि माझं वर्षभराचं सगळं रडू अनिमेषच्या माईकवर बाहेर पडलं, घसा फाटलाय, नाक वाहतंय, मनवा आ वासून बघतेय, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत!

नंतर काकूंच्या पाया पडले. म्हटलं, “काकू, माफ करा, फारच भोकाड पसरलं.” काकूंनी जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिल्या, त्याही रडल्या. मग पदरानं डोळे कोरडे केले आणि म्हणाल्या, “मनापासून रडलीस गं. पण वर जाताना सूर सुटला. अल्बममध्ये हिचंच राहू दे.”

म्हणजे लेकीला घेतलं नाही तेव्हा गाणं जमलं, घेतलं तेव्हा बिघडलं! आता बोला, यातून आईनं शिकायचं काय?